एक माप मोठं

आमच्या घराण्यात पोहता येणारी मी पहिली, आणि तेही नोकरी लागल्यावर शिकले. हिंजवडीतल्या कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम, जाता-येता कंपनीच्या बसमध्ये झोप, आणि शनिवार-रविवार मोकळे. त्या वर्षांत पुण्यात आमच्यासारखे बरेच झाले होते. शनिवारी कोणी किल्ला चढायचं, कोणी साल्सा शिकायचं, कोणी गिअरची सायकल घ्यायचं, आणि सोमवारी कँटीनमध्ये सगळे त्याबद्दल बोलायचे. मी पोहण्याचा क्लास लावला. माझ्या बॅचमध्ये बाकी सगळी पहिली-दुसरीतली मुलं होती. ती मला काकू म्हणायची आणि माझ्या आधी खोल पाण्यात गेली.

मग ऑफिसची सहल मालवणला गेली. तिथे एकेकाच्या पाठीवर सिलिंडर बांधून, हाताला धरून थोडा वेळ समुद्रात खाली नेत. सगळे वर आले, फोटो बघितले आणि सुरमई खायला गेले. मी गेले खरी, पण माझं ताटात लक्ष नव्हतं. खाली स्वतःचा श्वास ऐकू येत होता आणि दुसरं काहीच ऐकू येत नव्हतं. ना फोन, ना मॅनेजर. मला ते पुन्हा हवं होतं.

पुण्यात येऊन चौकशी केली तर आमच्या कोथरूडमध्येच एका तरणतलावावर एक निवृत्त नौसैनिक स्कूबा शिकवत होते. आम्ही त्यांना सर म्हणायचो. आधी वर्गातलं शिक्षण, मग तलावात सराव, आणि शेवटी कोकणात जाऊन खरा समुद्र. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "सिलिंडर आणि श्वास घ्यायचा रेग्युलेटर माझा. मास्क, पायात घालायचे फिन आणि सूट ज्याचा त्याने आणायचा. दुसऱ्याची चप्पल घालून लांब चालवत नाही, तसंच आहे हे."

घरी मी हे जेवताना सांगितलं. आईने "पाण्यात काय खाणार?" असं काहीतरी विचारलं. बाबांनी हातातला घास खाली ठेवला.

बाबा तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. जन्मभर पाणीवाटपाच्या सरकारी कचेरीत नोकरी. सुरुवात अमरावतीकडे आणि बदल्या होत होत शेवट पुण्यात. कोणत्या कालव्याला कधी पाणी सोडायचं याच्या फायली त्यांच्या टेबलावरून जायच्या. स्वतः मात्र ते घोट्याच्या वर पाण्यात कधी उतरले नव्हते. आम्ही लहान असताना येरवड्याच्या क्वार्टरमधून रविवारी खडकवासल्याला जायचो. बाकीची कुटुंबं पाण्याच्या कडेला बसून कणसं खायची, आम्ही रस्त्याच्या कडेला बसून. धरणाच्या पाहणीला होडीतून जावं लागलं की बाबा मधोमध बसून दोन्ही हातांनी फळी घट्ट धरतात, हे त्यांच्या कचेरीतल्या एका काकांनी आमच्या घरी चहा पिताना हसत हसत सांगितलं होतं. बाबाही हसले होते. मला मात्र त्या काकांचा राग आला होता, आणि अजून आहे.

बाबांच्या भीतीचं कारण मला ठाऊक होतं. मी बारावीत असताना बाबांनी ते एकदाच सांगितलं, मेथी निवडता निवडता, सरकारी टिपणी वाचून दाखवावी अशा आवाजात. त्यांच्या गावात पोरं विहिरीत पोहायला शिकत. पाठीला वाळका भोपळा बांधायचा आणि थोरल्या भावाने काठावरून ढकलून द्यायचं, झालं शिक्षण. त्या विहिरीकडे आमच्या वस्तीतल्या पोरांनी फिरकायचं नाही. बाबा लांब निंबाखाली उभं राहून उड्यांचे आवाज ऐकायचे. पुढे आजोबांनी बौद्ध धम्म स्वीकारला, बाबा वसतिगृहात राहून शिकले, नोकरीत चढत गेले, त्यांना लोक साहेब म्हणायला लागले. पोहणं तेवढं राहून गेलं. पाण्याजवळ जायला कोणी अडवणारं उरलं नाही तोवर पाण्याची भीती बसून गेली होती. मेथी निवडून झाली, त्यांनी देठं कागदात गुंडाळली आणि विषय संपला.

"समुद्रात? खाली?" बाबांनी विचारलं.

"हो. रीतसर शिकून."

"आपल्यात कोणाले पोहता येत नाही," ते म्हणाले. एरवी त्यांचं बोलणं कचेरीतलं, स्वच्छ. घाबरले की वऱ्हाडी बाहेर यायची.

"मला येतं, बाबा."

"तुले काहून जायचं आहे तिथं?"

श्वास ऐकू येतो, हे कारण म्हणून सांगण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर बाजूला ठेवून त्यांनी निर्णय दिला. सामान ते स्वतः पाहतील. पटलं तर मी समुद्रात जायचं, नाही पटलं तर विषय बंद. ऑफिसमधल्या मैत्रिणींना हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या. वय तिशीचं, फ्लॅट माझ्या नावावर, वर्षभर परदेशात एकटी राहून आलेली बाई, आणि बाबांना विचारते? त्यांना मी काहीतरी उडवाउडवीचं उत्तर दिलं. मी आज्ञाधारक वगैरे अजिबात नाही. पण मी खाली असताना बाबा इकडे घरात फोनकडे बघत बसणार, जेवणार नाहीत, आणि मी परत आले की "बरं झालं" म्हणून झोपायला जातील, हे मला दिसत होतं. मला त्यांची नुसती परवानगी नको होती. त्यांची भीती थोडी तरी कमी व्हायला हवी होती. ती कमी झाल्याशिवाय मी गेले असते तर अर्धं लक्ष त्यांच्याकडे ठेवूनच खाली उतरले असते, आणि तसं जायचं नाही असं मी मनाशी ठरवलं होतं.

डेक्कनच्या बाजूला एक खेळाच्या सामानाचं दुकान होतं. कॅरम, बॅडमिंटनच्या रॅकेटी, पोहण्याच्या टोप्या, आणि हल्ली हल्ली एका कपाटात डायव्हिंगचं सामान, तेही मुंबईहून मागवलेलं. मालक साठीचे, स्टुलावर बसलेले, गिऱ्हाईक आलं म्हणून उठायची पद्धत नव्हती.

मी इंटरनेटवर रात्री जागून बरंच वाचून ठेवलं होतं. कोणत्या कंपनीचा मास्क, कोणत्या रंगाची कडा, एक काच की दोन काचा. मी जांभळा मास्क मागितला.

"फोटो काढून घ्यायचाय की पाण्यात जायचंय?" मालकांनी विचारलं.

"पाण्यात."

"मग रंग राहू द्या. पट्टा मागे टाका, मास्क नुसता चेहऱ्यावर ठेवा आणि नाकाने श्वास आत ओढा. हात सोडा. चिकटला तर तुमचा, पडला तर दुसरा."

जांभळा पडला. मालकांनी तो खाली झेलला, त्यांना सवय असावी. आणखी काही पडले. शेवटी एक साधा काळा मास्क होता, तो गालांवर बसला आणि हात सोडल्यावर तिथेच राहिला. बाबा हे सगळं हाताची घडी घालून बघत होते. त्यांना ते पटलं नाही. त्यांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला, मास्क घेतला आणि स्वतःच्या चेहऱ्यावर लावून श्वास ओढला. त्यांच्याही चेहऱ्यावर तो चिकटला. खेळाच्या सामानाच्या दुकानात, इस्त्रीच्या शर्टात, मास्क लावून, हात बाजूला सोडून बाबा उभे राहिले. तोंड उघडं ठेवायचं हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं, त्यामुळे चेहरा लाल व्हायला लागला.

"साहेब, तोंडाने घ्या श्वास," मालक म्हणाले.

बाबांनी मास्क काढला, चष्मा लावला आणि म्हणाले, "ठीक आहे. हा घे." मग मालकांकडे वळून विचारलं, "टिकेल ना?"

"मास्क टिकेल. माणसाचं मी काय सांगू?"

मला वाटलं आता बाबा पाठ फिरवून चालू लागणार. पण त्यांना ते उत्तर आवडलं. जन्मभर त्यांनी आश्वासनांच्या फायली वाचल्या होत्या. आश्वासन न देणारा माणूस त्यांना विश्वासाचा वाटला. त्यांनी पुढे बरेच प्रश्न विचारले. पट्ट्याचं बक्कल एका हाताने सुटतं का. काच फुटली तर तुकडे होतात का. कमरेला शिशाची वजनं कशाला बांधतात. त्यावर मालकांनी, रबरी सूट तरंगतो म्हणून खाली जायला वजन लागतं, असं सांगितलं. "म्हणजे बुडण्यासाठी वेगळी व्यवस्था करावी लागते," बाबा म्हणाले, आणि हे त्यांनी बहुतेक स्वतःलाच सांगितलं.

गाडी अडली ती सूटवर. रबराचा, अंगाला घट्ट बसणारा सूट. मी तो आतल्या खोलीत घालून बाहेर आले. घालताना एक बाही वर येईपर्यंत मला घाम फुटला होता. बाबांनी मला एकदा बघितलं आणि नजर दुसरीकडे वळवली. मग म्हणाले, "छातीशी आवळतोय हा. यात श्वास कसा घेशील?"

"घेता येतो, बाबा. तो तसाच असतो."

"एक माप मोठा घे."

आमच्या घरातलं हे जुनं सूत्र. शाळेचा गणवेश एक माप मोठा, म्हणजे पुढच्या वर्षी चालेल आणि त्यानंतर नात्यातल्या कुणा धाकट्याला. बूट एक माप मोठे, पुढे कापूस घालायचा. स्वेटर गुडघ्यापर्यंत. मापात बसणारं कापड म्हणजे लवकर वाया जाणारं कापड. दहावीच्या निरोपसमारंभाचे माझे फोटो बघितले तर वाटतं, कोणीतरी खांबावर पंजाबी ड्रेस टांगलाय. मी नोकरीला लागले, पहिल्या पगारात पहिल्यांदा स्वतःच्या मापाचे कपडे घेतले, तेव्हा आईने विचारलं होतं, "आटला का गं?"

मालकांनी हात जोडले. "साहेब, मुलगी आता वाढायची नाही. सैल सूट म्हणजे गळकी बादली. अंगाजवळचं पाणी अंगाने गरम व्हायचं आणि तिथेच राहायचं, म्हणून तो घट्ट असतो. ढगळ घेतला तर गार पाणी आत शिरेल, बाहेर जाईल, आत शिरेल. त्यापेक्षा गाऊन घालून जा म्हणावं."

"श्वास महत्त्वाचा," बाबा म्हणाले.

मला माहीत होतं मालक बरोबर आहेत. सरांनीही तेच शिकवलं होतं, इंटरनेटवरही तेच लिहिलं होतं. पण बाबांनी माझ्याकडे बघून, अगदी हळू आवाजात म्हटलं, "मोठा घेतलास तर मला पटतंय." एवढं म्हटल्यावर मी काय करणार? मी मोठा सूट घेतला. लगेच त्याच दमात त्यांनी फिनही एक माप मोठे घ्यायला लावले, पाण्यात पाय फुगले तर, म्हणून. मालकांनी सामान बांधलं, पिशवी पुढे सरकवली आणि म्हणाले, "बदलून देतो. आठवडाभरात याच." हे सौजन्य होतं की टोमणा, मला आजही ठरवता येत नाही.

सूट घरी आणल्यावर आईने तो बाल्कनीत वाळत टाकला. तो ओला नव्हता, पण नव्या रबराचा वास तिला सहन होईना. संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी वर आले आणि अत्यंत सभ्य शब्दांत त्यांनी विचारलं, "आपल्याकडे कोणी पाहुणे आलेत का? सकाळपासून बाल्कनीत उभे आहेत, बसायला सांगितलं नाहीत म्हणून विचारतो." बाबा खूप दिवसांनी मोठ्याने हसले. मला बरं वाटलं. निम्मी मोहीम फत्ते झाली असं मी धरून चालले.

सराव रविवारी सकाळी होता. बाबा म्हणाले, "मी येतो." त्यांनी येऊ नये असं मला वाटत होतं आणि यावं असंही. तलावाच्या कडेला सिमेंटचा बाक होता, तिथे ते ताठ बसले, लग्नाला आल्यासारखे, शर्ट-पँट-बूट सगळं जागच्या जागी. हिवाळा होता. कोथरूडमध्ये हिवाळ्यात सकाळी तलावाचं पाणी कसं असतं ते ज्याने अनुभवलंय त्यालाच कळेल. दुसऱ्या टोकाला एक-दोन म्हातारे नेमाने पोहत होते. काठावर लाइफगार्ड शिट्टी गळ्यात अडकवून फेऱ्या मारत होता.

सर आणि मी पाण्यात उतरलो. उतरल्या क्षणी गार पाणी मानेतून सूटमध्ये शिरलं आणि पाठीवरून खाली गेलं. हात हलवला की बाहेर जायचं, थांबले की पुन्हा आत. दुकानदाराचा चेहरा डोळ्यांसमोर आला. पण काठावर बाबा होते, म्हणून मी अंगठा आणि बोटाचं वर्तुळ करून सगळं ठीक असल्याची खूण केली. त्यांनीही बाकावरून तशीच खूण करून दाखवली. ती त्यांनी कधी शिकून घेतली, कोण जाणे.

तलावाच्या मधल्या भागात, जिथे माझ्या डोक्यावर चांगलंच पाणी होतं, तिथे आम्ही तळाशी गुडघ्यांवर बसलो. सरांनी मास्कमध्ये थोडं पाणी घेऊन नाकाने ते बाहेर फुंकायला सांगितलं. ते जमलं. मग थोडं अंतर पोहून दाखवायचं होतं. मी पाय मारला आणि एक फिन पायातून सरळ निघून गेला. हलक्या प्लास्टिकचा होता, तो तरंगत वर गेला. मी त्याच्याकडे बघितलं, सरांनी मान हलवली आणि हाताने खूण केली, राहू दे, श्वास घे, व्यायाम पुरा कर. खाली सगळं शांत होतं. मी थंडीने कुडकुडत होते, पण घाबरले नव्हते. उलट गंमत वाटत होती.

वर काय दिसत होतं ते मला नंतर कळलं. बाबांना मी खाली गेलेली दिसले, आणि मग बराच वेळ काही दिसलं नाही, आणि मग एक फिन एकटाच वर आला.

मी खालून उथळ बाजूकडे पाहत होते. काळ्या मास्कची काच स्वच्छ होती, फरशीची रेघ न् रेघ दिसत होती. त्या फरशीवर, पायऱ्यांच्या टोकाशी, काळे चामड्याचे बूट उतरले. वर राखाडी पँट, पाण्याने फुगलेली. ते बूट एक-एक पाऊल टाकत माझ्या दिशेने यायला लागले. मला क्षणभर समजेना की मी काय बघतेय. मग समजलं. बाबा पाण्यात चालत होते. पाणी गुडघ्यांवर आलं, कमरेवर आलं, तरी बूट थांबले नाहीत.

मी सरांना खूण केली, आम्ही वर आलो आणि पोहत बाबांजवळ गेलो. बाबा छातीपर्यंत पाण्यात उभे होते. एक हात हवेत उंच धरलेला, आणि त्या हातात माझा फिन, तरंगत त्यांच्याकडे आलेला. चष्म्यावर पाणी उडालं होतं. ओठ निळे पडले होते, थंडीने की कशाने कोण जाणे.

"ठीक आहेस?" त्यांनी विचारलं.

"ठीक आहे, बाबा. नुसता फिन सुटला. मोठा होता."

त्यांनी मान हलवली. माझ्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघितलं, मग हातातल्या फिनकडे, आणि मग खाली, आपल्या भोवतीच्या पाण्याकडे. मला वाटतं, आपण कुठे उभे आहोत हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं.

लाइफगार्डने शिट्टी वाजवली. "ओ काका, बाहेर या. बूट घालून उतरायचं नसतं. पाणी घाण होतं."

त्याचं काही चुकलं नव्हतं. तो त्याचं काम करत होता, आणि बाबांच्या जागी दुसरं कोणी असतं तरी त्याने हेच म्हटलं असतं. पण ते वाक्य बाबांना ऐकावं लागलं होतं. मी पुढे होऊन काहीतरी कडक बोलणार होते. सर म्हणाले, "चला काका, हात द्या, मी आणतो काठावर."

बाबांनी हात दिला नाही. त्यांनी फिन माझ्याकडे दिला. मग खांद्यापर्यंत खाली वाकले, हनुवटी पाण्याला टेकली, आणि एक पाय वर उचलून हातांनी चाचपून त्या बुटाची नाडी सोडली. बूट काढला. मग दुसरा. त्यात मोजे नीट कोंबले. चालत काठापर्यंत गेले, दोन्ही बूट जोडीने लाइफगार्डच्या पायाशी ठेवले आणि पुन्हा उलटे वळून होते तिथे, छातीभर पाण्यात येऊन उभे राहिले.

"बूट काढले," ते त्याला म्हणाले. आवाज कचेरीतला, स्वच्छ.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू जा तुझ्या समुद्रात. मी इथं थोडा वेळ उभा राहतो."

मी फिन हातात धरून त्यांच्या शेजारी उभी राहिले. माझे दात वाजत होते. शिट्टी पुन्हा एकदा वाजली. बाबा हलले नाहीत.